गवताची प्रार्थना

‘वचनाशिवाय प्रार्थना म्हणजे मुळाशिवाय गवत.’ हे वाक्य माझंच आहे. डहाणू स्टेशनजवळच्या झेरॉक्सच्या दुकानात मी त्याच्या साठ प्रती काढल्या होत्या. वर हे वाक्य जाड अक्षरांत आणि खाली पवित्र शास्त्रातल्या वचनांच्या आधारे प्रार्थना करण्याच्या पाच पायऱ्या. दुकानदार जिग्नेशभाई कुठलाही कागद मशीनवर ठेवण्याआधी वाचतो, त्याला कोणी अडवू शकत नाही. त्याच्या वडिलांची एकेकाळी गवताची वखार होती. तो म्हणाला, “सर, गवताचं मूळ कोण बघतो? आपण तर वरूनच कापतो ना.”

मी हसलो आणि साठ प्रती घेऊन घरी आलो. हसण्याऐवजी जरा थांबलो असतो तर बरं झालं असतं. थांबणं ही माझ्याच पाच पायऱ्यांपैकी दुसरी पायरी होती.

यंदा गवताचा हंगाम पुन्हा सुरू झाला आहे. भात घरात आलं की इथली माणसं विळे पाजळून माळावर चढतात. पावसाळ्यात कमरेएवढं वाढलेलं गवत तोवर हिरवं राहिलेलं नसतं आणि पिवळंही झालेलं नसतं. उन्हात त्याच्या तुऱ्यांवर तांबूस झाक येते. ते कापायचं, जागेवरच पसरून वाळवायचं, उलटायचं, पेंढ्या बांधायच्या, गंजी रचायची आणि मग दाबून गठ्ठे करून ट्रकवर चढवायचे. तलासरीहून हायवेला लागणारे हे ट्रक मागून पाहिले तर ट्रक दिसतच नाही. एक डोंगर मुंबईच्या तबेल्यांकडे निघाला आहे आणि खाली कुठेतरी त्याला चाकं लावली आहेत, असं वाटतं. ज्यांना गवत म्हणजे दवबिंदू ठेवायची जागा वाटते, त्यांनी एकदा त्या ट्रकमागे दुचाकी चालवून पाहावी. डोळ्यांत कुसळं गेली की साहित्य आपोआप कमी होतं.

त्या गवताला वास असतो. पहिल्या दिवशी तो हिरवा, दुसऱ्या दिवशी गोडसर. तिसऱ्या दिवशी बिस्किटांच्या रिकाम्या डब्यात नाक घातल्यासारखा. हा तिसऱ्या दिवसाचा वास माझ्या बायकोला, सुलोचनाला, फार आवडायचा. आमच्या घराच्या मागच्या रस्त्याने ट्रक गेला की ती हातातलं काम ठेवून खिडकीशी यायची आणि म्हणायची, “हे नीट वाळलंय.” जणू तिला कोणी तपासणीसाठी नेमलं होतं. सहा वर्षांपूर्वी, याच हंगामात ती गेली. आता ट्रक गेला की मी खिडकी लावून घेतो. लोकांना वाटतं मला धुळीचा त्रास आहे. मी ते खोडून काढत नाही.

सुलोचना सरकारी दवाखान्यात परिचारिका होती आणि मी शाळेत मराठी शिकवायचो. आम्ही दोघंही नगरकडचे. नोकरीमुळे इकडे आलो आणि नोकरी संपली तरी राहिलो. मी तीस वर्षं पोरांच्या चुका लाल शाईने दाखवल्या, तिने तितकीच वर्षं लोकांच्या जखमा बांधल्या. यातलं जास्त उपयोगाचं काम कोणाचं, यावर आमचा कधी वाद झाला नाही, कारण तिने तो विषय कधी काढला नाही.

माझे वडील रोज बायबलमधली पाच स्तोत्रं वाचायचे. स्तोत्रं एकशे पन्नास, महिन्याचे दिवस तीस. एकतीस तारखेला देवाला सुट्टी. ते स्तोत्र वाचत आणि मग त्यातलंच एखादं वाक्य उचलून, त्यात स्वतःचं सुखदुःख घालून प्रार्थना करत. ते म्हणायचे, आपल्याला दर वेळी बोलायला सुचेलच असं नाही, अशा वेळी आधी कोणीतरी बोललेलं हाताशी असावं. रागावलेल्या माणसाची स्तोत्रं आहेत, घाबरलेल्याची आहेत, देवाशी भांडणाऱ्याचीही आहेत. एक तर असं आहे की ते शेवटच्या ओळीपर्यंत अंधारातून बाहेर येतच नाही. अठरा तारखेला त्याची पाळी यायची. घरात लग्न असो की बारसं, वडिलांनी ते कधी गाळलं नाही. मी एकदा विचारलं, आज आपल्याला काही दुःख नाही, मग हे कशाला? ते म्हणाले, “आपल्याला नाही. पण कोणाला तरी आज लागत असेल.”

प्रार्थनेविषयी मला वारसा म्हणून जे मिळालं ते एवढंच, आणि ते पुरेसं होतं. मी त्याच्या पाच पायऱ्या केल्या. वाचा, थांबा, अर्थ समजून घ्या, स्वतःकडे पाहा, मागा. तिसऱ्या पायरीवर, अर्थ समजून घेण्याच्या, मी स्वतःच उभा असायचो.

खरं तर थाटामाटाशी माझं कधीच जमलं नाही. आमच्या मंडळीचं, म्हणजे चर्चचं, वार्षिक कन्व्हेन्शन भरायचं. शामियाना, हार, दोन माइक, त्यातला एक कायम शिट्टी मारणारा. पाहुणे वक्ते डोळे मिटून सुरू करायचे: हे परमदयाळू, परमपवित्र, सर्वसमर्थ, सर्वज्ञ. मी विशेषणं मोजायचो. एकाने एका श्वासात अकरा घेतली होती. सुलोचना माझ्या कानात पुटपुटली, “देवाला वाटत असेल, हजेरी चाललीय.” घरी येताना आम्ही दोघं त्यावर पोटभर हसलो. माइकच्या थाटावर मी आयुष्यभर हसलो. कागदाचाही थाट असतो, हे मात्र माझ्या लक्षात आलं नाही. कागद शिट्टी मारत नाही.

निवृत्तीनंतर मी सुलोचनाला घेऊन दर रविवारी दुपारी तलासरीच्या अलीकडे, हायवेपासून आत असलेल्या एका पाड्यावर जायला लागलो. तिथल्या सात-आठ बायका आणि दोन म्हातारे यांना डहाणूला उपासनेला येणं जमत नसे, म्हणून देवलीबायच्या अंगणात आम्ही बसायचो. देवलीबाय तेव्हा पन्नाशीची असेल. गवत कापणाऱ्यांच्या टोळीची ती मुकादम. तिला अक्षरओळख नव्हती. पण गवत कधी कापायला आलं हे तिला दुरून, माळाचा रंग पाहून कळायचं. तिची दोन्ही बाळंतपणं सुलोचनाच्या हातची, त्यामुळे तिथे खरा मान सिस्टरचा होता. मी सिस्टरचे सर होतो.

पहिल्याच रविवारी मी सगळ्यांना डोळे मिटायला सांगितलं. सगळ्यांनी मिटले, देवलीबायने नाही. ती अंगणाच्या टोकाशी, गंजीकडे तोंड करून बसली होती. मी कारण विचारलं. ती म्हणाली, डोळे मिटले का गाय येते. म्हातारे हसले. मी पवित्रपणे सांगितलं की प्रार्थनेत चित्त एकाग्र हवं. तिने मान डोलावली आणि डोळे उघडेच ठेवले. सुलोचना म्हणाली, अहो, कोणीतरी राखायला नको का? गेथशेमाने बागेत येशूने शिष्यांना जागे राहा म्हटलं होतं आणि त्यांनी डोळे मिटले होते, हे तुम्हीच शिकवता. मी पुढचं स्तोत्र काढलं.

ते दिवस चांगले होते. पाच पायऱ्यांनी फार नुकसान केलं असं म्हणणं खोटेपणाचं होईल. बायका वचन ऐकायच्या, त्यातला एक शब्द धरायच्या आणि प्रार्थनेत आणायच्या. मेंढपाळाच्या स्तोत्रावर एकीने अर्धा तास प्रार्थना केली. तीत देवाला शेळ्यांविषयी एवढी माहिती मिळाली की मेंढ्या मागेच राहिल्या. ज्या बाईने कधी चार माणसांत तोंड उघडलं नव्हतं, ती देवाला “तू किती दिवस विसरणार?” असं विचारायची, कारण असं विचारायची परवानगी शास्त्रातच आहे हे तिला कळलं होतं. वडिलांचं म्हणणं मला त्या अंगणात पटायचं. आधी कोणीतरी बोललेलं असलं की माणूस धीटपणे बोलतो.

मग तो हंगाम आला. सुलोचनाच्या पोटात गाठ होती. वापीच्या डॉक्टरांनी उपचार करून पाहिले आणि दिवाळीनंतर एक दिवस तिला, परिचारिका म्हणून, खरं ते सांगितलं. मला नवरा म्हणून जरा वेगळं सांगितलं. घरी येताना तिने दोन्हींची वजाबाकी करून मला खरा आकडा सांगितला. नाताळ दिसेल, म्हणाली, ईस्टर नाही.

तरीही ती रविवारी यायची. ओळखीच्या रिक्षात उशी लावून आम्ही जायचो. देवलीबाय तिच्यासाठी उन्हात बाज टाकायची आणि बाजेवर नवं, वाळलेलं गवत पसरून वर गोधडी घालायची. सुलोचना आडवी होऊन तिसऱ्या दिवसाचा वास घेत पडायची. मला तिचा चेहरा अजून आठवतो. मी त्या अंगणात इतकं बोललो, त्यातलं मला काही आठवत नाही.

वर्षभराचं वेळापत्रक मी जानेवारीतच छापून वाटलं होतं. त्यातल्या एका रविवारी एकशे तिसरं स्तोत्र होतं. त्यात म्हटलं आहे की माणसाचे दिवस गवतासारखे. वारा फिरला की ते नाहीसं होतं आणि त्याची जागासुद्धा त्याला ओळखत नाही. मला ते बदलता आलं असतं. पण वेळापत्रक छापलेलं होतं. छापलेल्यावर माझा विश्वास फार.

मी वाचलं. थांबलो. मग तिसऱ्या पायरीवर उभा राहिलो आणि सांगितलं की इथे गवत म्हणजे नाशवंत, क्षणभंगुर, कवडीमोल. समोर माळ होता. माळावर कापलेलं गवत ओळीने पसरलेलं होतं. त्याच गवतावर या बायकांची वर्षं निघत होती आणि मी त्यांना ते कवडीमोल आहे असं समजावून देत होतो. बायकांनी माना डोलावल्या. शिकलेल्या माणसाचं बोलणं आणि आजूबाजूचं जग यांची गाठ घालायची नसते, हे सगळ्यांना लहानपणापासून माहीत असतं.

प्रार्थनेची पाळी देवलीबायची होती. ती गंजीकडे बघत होती. मग मान वळवून तिने बाजेकडे पाहिलं आणि उघड्या डोळ्यांनी, कोणाला तरी काम सांगावं तशी, बोलली.

“देवा, आमी गवत हाय म्हनतोस. बरं हाय. मंग येळेवर काप. हिरवं कापू नको, माळावर कुजू पन देऊ नको. कापलंस का वाळू दे, भिजू देऊ नको. भिजलेलं काळं पडतं, त्याला कोनी हात लावत नाय. आमच्या सिस्टरला कोरडी ने. आमेन.”

सुलोचनाने बाजेवरून स्पष्ट आवाजात “आमेन” म्हटलं. माझ्या तोंडून ते निघालं नाही.

मी काय केलं ते सरळ सांगतो. मी देवलीबायला दुरुस्त केलं. आवाज न चढवता, समजुतीने; वर्गात हुशार पण चुकीच्या वाटेने गेलेल्या मुलाला सांगावं तसं. म्हटलं, देवलीबाय, इथे गवताचा अर्थ वेगळा आहे. कापण्याविषयी या वचनात काही नाही. आणि आपण सिस्टर बऱ्या व्हाव्यात म्हणून प्रार्थना करतोय, त्यांना न्यावं म्हणून नाही. तिने झेरॉक्सचा कागद उचलला. मग म्हणाली, “सर, मंग तुमीच सांगा कशी करायची.”

मी सांगितली. त्या कागदावर पायऱ्यांच्या खाली एक नमुना प्रार्थनाही होती. मी एकेक ओळ म्हटली आणि ती माझ्यामागून म्हणत गेली. हे दयाळू स्वर्गीय पित्या, तुझ्या अपार करुणेनुसार आम्हांवर कृपादृष्टी कर. कागद तिच्या हातात उलटा होता. आणि या वेळी तिने डोळे मिटले होते.

परतताना रिक्षात सुलोचनाने पाठीमागची उशी सारखी केली. मग म्हणाली, “तुम्ही तिचा पेपर तपासलात.”

मी म्हटलं, तिचं चुकलं होतं.

“उत्तर बरोबर होतं,” ती म्हणाली, “प्रश्न तुम्हाला आला नव्हता.”

त्यानंतर देवलीबायने स्वतःची प्रार्थना केली नाही. पाळी आली की ती माझ्याकडे बघायची, मी ओळ सांगायचो, ती म्हणायची. मला वाटलं, शिकतेय.

डिसेंबर लागला तशी सुलोचना रिक्षात बसेनाशी झाली. घरीच असायची. तिला स्वतःला प्रार्थना करता येत नव्हती. शब्द जमवेपर्यंत कळ यायची. मी बरं होण्याची वचनं शोधून वाचायचो. आंधळे, पांगळे, रक्तस्राव झालेली बाई, छपरातून खाली सोडलेला माणूस. ती ऐकायची. एक दिवस म्हणाली, “अहो, हे सगळे पुढे मेलेच ना कधीतरी? त्या वेळी त्यांना काय वाचून दाखवलं असेल?”

मग म्हणाली, “देवलीला बोलवा. गवताची म्हणायला सांगा.”

मी म्हटलं, हंगाम ऐन भरात आहे, तिची टोळी कुठल्या माळावर असेल कोण जाणे, तिला खाडा करायला लावणं बरं नाही. हे सगळं ऐकायला विचारी वाटतं. वास्तविक देवलीबायची टोळी त्या पंधरवड्यात कैनाडला होती. आमच्या घरापासून रिक्षाने वीस मिनिटं. हे मला नंतर कळलं, असं मी काही वर्षं लोकांना सांगत होतो. खरी गोष्ट अशी की मी विचारलं नाही म्हणून कळलं नाही, आणि कळू नये म्हणूनच विचारलं नाही. देवलीबाय आली असती तर तिने ती चार वाक्यं पुन्हा म्हटली असती, सुलोचनाने आमेन म्हटलं असतं, आणि दोघींच्यात व्यवहार पुरा झाला असता. मी मध्ये कुठेच नसतो.

त्याऐवजी मी त्याच स्तोत्रावर स्वतः एक प्रार्थना लिहिली. वहीत, तीन पानं, समास सोडून. तिच्यात गवत होतं, पण एका वाक्यात आणि उपमा म्हणून. संध्याकाळी तिच्याजवळ बसून वाचली. तिने शेवटपर्यंत ऐकलं, आमेन म्हटलं आणि विचारलं, “खाडाखोड केलेली दिसत नाही. कच्ची वेगळी होती का?”

होती.

दोन दिवसांनी तिने पुन्हा विचारलं. या वेळी शब्द कमी होते. “आली का देवली?” मी म्हटलं, येईल. ती मला इतकी वर्षं ओळखत होती. तिने तिसऱ्यांदा विचारलं नाही.

आणि मग मी तिला वापीला नेलं. डॉक्टरांनी न्या असं म्हटलं नव्हतं, तिने तर नकोच म्हटलं होतं. पण मी रोज बरं होण्याची प्रार्थना करत होतो, आणि अशी प्रार्थना करणाऱ्याने बायकोला घरी नुसतं पडू द्यायचं हे विसंगत दिसलं असतं. कोणाला दिसलं असतं, हे आज सांगता येत नाही. ती तिथे दहा दिवस होती. नळ्या होत्या, सलाइन होतं, सुजलेले हात होते. खिडकी उघडत नव्हती, त्यामुळे कुठलाच वास येत नव्हता. तीस वर्षं जिने दुसऱ्यांच्या चादरी बदलल्या, तिची चादर दिवसातून तीनदा बदलत होते आणि तरी ती ओली असायची. देवलीबायने देवाकडे नेमकं काय मागितलं होतं, ते मला त्या खोलीत, सातव्या की आठव्या दिवशी, ती चादर पिळल्यासारखी हातात धरून उभा असताना कळलं. तिसरी पायरी. अर्थ समजून घ्या.

नाताळच्या चार दिवस आधी ती गेली. एकवीस तारीख होती. वडिलांच्या हिशेबाने एकशे तिसरं स्तोत्र एकवीस तारखेलाच येतं. योगायोगांवर माझा विश्वास नाही, पण त्यांच्यापासून सुटकाही नाही. आता दर महिन्याला ते येतं.

दफनाला पाड्यावरची सगळी आली होती. देवलीबाय कामावरून तशीच आली होती, पदराला कुसळं चिकटलेली. पाळकसाहेबांनी एकेक ओळ सांगितली आणि तिने इतरांबरोबर डोळे मिटून म्हटली. मूठभर माती टाकताना ती क्षणभर थांबली, ओठ हलल्यासारखे वाटले. मग तिने माती टाकली. तेव्हा ती काही बोलली की नाही, हे विचारायचं धाडस मला सहा वर्षांत झालेलं नाही.

त्यानंतर मी पाड्यावर जाणं सोडलं. प्रकृतीचं कारण दिलं. वडिलांची पाच स्तोत्रं मात्र सुटली नाहीत. प्रार्थना संपली तरी वाचन चालू राहतं, ओढ्याचं पाणी आटल्यावर पूल राहतो तसं. वाचता वाचता काही गोष्टी उशिरा दिसतात. ज्याने कोणी ते गवताचं वाक्य प्रथम रचलं, त्याच्या समोरही एखादा माळ असणार. त्याने आधी गवत पाहिलं आणि मग देवाशी बोलला. देवलीबायनेही तेच केलं. मी आधी भाष्यग्रंथ पाहिला. वचनावरून प्रार्थना करायची म्हणजे वचनाच्या आत जाऊन उभं राहायचं आणि तिथून आपलं माणूस दिसतं का पाहायचं, एवढंच वडिलांनी शिकवलं होतं. मी वचनाच्या दारात तिकिटं तपासत बसलो.

गेल्या रविवारी मात्र पुन्हा पाड्यावर गेलो. एस.टी.ने, दुपारी. अंगण तेच आहे. बैठक आता एका शिकलेल्या मुलीकडे आहे. ती मोबाइलवर वचन लावते आणि सगळे ऐकतात. त्या दिवशी ती वाणगावला लग्नाला गेली होती, म्हणून बैठक नव्हती. देवलीबाय एकटीच गंजीच्या सावलीत विळा घासत बसली होती. केस पांढरे झालेत. माळावर आता ती जात नाही, सुना जातात; ती राखते. मला पाहून तिला आश्चर्य वाटलेलं दिसलं नाही. सर वाळलात, म्हणाली. मग कोरा चहा आला.

चहा संपल्यावर मी म्हटलं, देवलीबाय, सिस्टरसाठी तुम्ही एकदा गवताची प्रार्थना केली होती. ती पुन्हा म्हणाल का?

“ती?” ती म्हणाली. “ती चुकलेली व्हती ना, सर. मी टाकली.”

मी म्हटलं, चुकलेली नव्हती. चूक माझी होती.

तिने विळ्याची धार अंगठ्याने पाहिली. “आसंल,” म्हणाली. मग माझी समजूत काढावी तसं म्हणाली, “तुमी शिकवलेली येते की. रोज म्हनते. म्हनू?”

मी नको म्हणायच्या आत तिने विळा खाली ठेवला, हात जोडले, डोळे घट्ट मिटले आणि सुरू केलं. हे दयाळू स्वर्गीय पित्या, तुझ्या अपार करुणेनुसार आम्हांवर कृपादृष्टी कर. एक शब्द इकडचा तिकडे नाही. ‘करुणेनुसार’ तर माझ्या विद्यार्थ्यांना कधी इतकं स्वच्छ म्हणता आलं नव्हतं. मी विशेषणं मोजली. नऊ होती. सगळी माझी. आमेन म्हणून तिने डोळे उघडले आणि बरोबर आलं का, अशा नजरेने माझ्याकडे पाहिलं.

बरोबर आलं होतं. शंभरपैकी शंभर. जी बाई देवाला काम सांगत होती, तिला मी देवाकडे अर्ज करायला शिकवलं होतं, आणि सहा वर्षं ती रोज तो अर्ज करत होती.

मी म्हटलं, आता मी करू का? तुमची.

“करा की,” ती म्हणाली आणि पदर सारखा करून बसली.

मी डोळे मिटले. सवय जात नाही. मग जेवढं आठवत होतं तेवढं म्हटलं. आम्ही गवत आहोत म्हणतोस, बरं आहे. वेळेवर काप. कापलंस की भिजू देऊ नको. पुढचं वाक्य सुलोचनाचं होतं. ते आता कोणासाठी म्हणायचं, हे मला कळेना. ज्याच्यासाठी मागायचं ते माणूस सहा वर्षांपूर्वी, भिजून, गेलं होतं. म्हणून मी तिथे थांबलो. बराच थांबलो. उन्हाने पापण्यांच्या आत सगळं तांबूस झालं होतं, माळावरच्या तुऱ्यांसारखं, आणि गंजीकडून तो बिस्किटाच्या डब्याचा वास येत होता. नीट वाळलेलं होतं. मी म्हटलं, मला माफ कर, आणि हे मी देवाला म्हणालो की सुलोचनाला की समोर बसलेल्या बाईला, ते ठरवलं नाही. कोणीतरी ऐकलं असेल असं वाटलं. आमेन म्हटलं आणि प्रतिसादाची वाट पाहिली.

प्रतिसाद आला नाही. डोळे उघडले तर समोर फक्त विळा होता. गाय गंजीला लागली होती आणि देवलीबाय तिला हाकलायला केव्हाच उठून गेली होती.